उंबऱ्यावर राखून ठेवलेली ओळ

आमच्या घरातून कुणी बाहेरगावी निघालं की त्याला उंबऱ्यावर थांबावं लागायचं. पिशवी खांद्यावर असो, चपला पायात असोत, एसटीची वेळ होत आलेली असो, थांबायचंच. बाबा आतून हात पुसत यायचे, जाणाऱ्याच्या डोक्यावर तळवा ठेवायचे आणि बायबलमधलं एकशे एकविसावं स्तोत्र म्हणायचे. बाबा गवंडी होते, त्यांच्या हाताला चुन्या-सिमेंटचा खरखरीतपणा होता आणि त्यांना वाचता येत नव्हतं. स्तोत्र त्यांना त्यांच्या आईकडून कानानं आलेलं. त्यामुळे त्याची भाषा पुस्तकातली नव्हती, आमच्या नगरकडच्या घरातली होती. डोंगराकडं डोळे लावून काय बसायचं, मदत डोंगर करत नाय, डोंगर ज्यानं केला तो करतो. तो तुझा पाय घसरू द्यायचा नाय. तुझा राखणदार डुलकी घ्यायचा नाय. दिवसा ऊन बाधायचं नाय, रात्री चांदणं बाधायचं नाय. असं म्हणत म्हणत ते शेवटच्या ओळीपाशी यायचे आणि तिथं थांबायचे. ती ओळ निघताना म्हणायची नाही, असा घरचा रिवाज होता. ती राखून ठेवायची. माणूस परत आलं की त्याच उंबऱ्यावर, पाय धुवायच्याही आधी, बाबा पुन्हा डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, तुझं जाणं आणि तुझं येणं तोच राखील, आत्ता बी आणि कायम बी. मग स्तोत्र पुरं व्हायचं आणि माणूस घरात यायचं.

आईसाठी ती ओळ म्हटली गेली नाही. ती नगरच्या दवाखान्यात गेली तेव्हा बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, मी बघितलं होतं. परत आणली ती झाकून. बाबा उंबऱ्याशी उभे राहिले, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या दिवसापासून ती न म्हटलेली ओळ माझ्या छातीत कुठंतरी अडकून बसली. कुणी नुसतं बाजाराला गेलं तरी ते दिसेपर्यंत मला घास गिळवत नसे.

गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. पुढच्या शाळेला रोज कुणासोबत पाठवायचं, घरात बाईमाणूस नाही, असं करता करता माझी शाळा सुटली. शाळा सुटली असं कुणी एका दिवशी ठरवलं नाही, जूनमध्ये दप्तर खुंटीवरून खाली आलं नाही इतकंच. त्याच पावसाळ्यात जालन्याहून शांताआत्याचा निरोप आला. आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान वारलेले, मूलबाळ नाही. पोरीला माझ्याकडं धाड, माझ्यासंगं कामाला येईल, माझ्या डोळ्यासमोर राहील, असं तिनं कळवलं. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर ते थांबले आणि हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "ही माझ्याकडं राहिली, सुवार्ता. न्यायला येईन, घरी आणीन, मग म्हणीन."

हे मी लिहितेय ते मुलीच्या घरी, फार लांबच्या एका शहरात, नवव्या मजल्यावर. या घराला उंबरा नाही. आतली फरशी तशीच सपाट बाहेर जाते आणि लिफ्टपाशी थांबते. गुडघ्यांना सोयीचं आहे. पण दारातून कुणी गेलं की माझा पाय सवयीनं काहीतरी शोधतो.

बाबा मला जालन्याला सोडायला निघाले, तेव्हा शहागडला एसटी बदलली. गोदावरीच्या पुलावरून जाताना बाबांनी मला पाणी दाखवलं आणि मी डोळे मिटून घेतले, कारण ती नदी ओलांडली की आपण दुसऱ्याच मुलखात, असं मला वाटत होतं. जुन्या जालन्यात मस्तगडच्या एका गल्लीत आत्याची एक खोली होती. मागं न्हाणीपुरता आडोसा, पुढं दगडी पायरी. गल्लीत सकाळपासून धान्याची पोती चढत-उतरत असायची. हमालांची "होऽऽ बाजू, बाजू" अशी हाळी, रिक्षांचे हॉर्न, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटत असायचा तो, आणि या सगळ्यात आत्याचं भाकरी थापणं. आत्याची भाकरी ज्वारीची, पातळ, मोठी. आमच्याकडं बाजरी. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्या-मसाल्याची आमटी मी तिच्याकडंच पहिल्यांदा खाल्ली आणि पहिल्या घासाला रडले. तिखट म्हणून नव्हे, आत्याला मात्र मी तिखट म्हणूनच सांगितलं. बाबा मला सोडून दुसऱ्या एसटीनं परत गेले. ते गेल्यावर आत्या म्हणाली, "रडायचं ते आज रडून घे. उद्या पहाटं जीप येती."

जीप येणार होती कपाशीच्या प्लॉटवर न्यायला. जालन्याच्या आसपास बियाण्याची कपाशी लावतात. तिच्या फुलांचं क्रॉसिंग बायकांच्या बोटांनी होतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारीच हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांची टोपी फिरवून काढायची, आतले परागाचे दाणे सगळे खरडून टाकायचे आणि मधल्या नाजूक काडीला धक्का लागू द्यायचा नाही. मग कळीवर लाल कागदाची पुंगळी चढवायची, म्हणजे वारं, माशी, काही आत जायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद काढायचा, नर झाडाचं फूल त्या काडीवर हलक्या हातानं फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा असलेलं बोंड तेवढं बियाण्याचं. सांगायला सोपं आहे. पण कमरेत वाकून ओळच्या ओळ संपवायची, मान वर करावी तर पुढं हजार कळ्या तशाच, आणि एकही सुटली की सकाळी ती आपली आपण उमलून बसलेली दिसणार. संध्याकाळी माझा अंगठा नखापासून मनगटापर्यंत ठणकायचा. जीपमध्ये बसल्या बसल्या बाया एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या. मला झोप यायची नाही. मी रस्ता बघत राहायची. कुणीतरी जागं राहायला हवं, नाहीतर जीप खड्ड्यात जाईल, असं काहीतरी मला वाटायचं. घरी पडल्यावरही तेच. आत्याचा श्वास नीट चाललाय ना ते ऐकायचं, मग बाबांनी भाकरी केली असेल का, चूल विझवली असेल का, ते आठवायचं. अख्खा हंगाम मी असा डोळ्यांत काढला.

आमच्या टोळीत कडूबाई नावाची बाई होती, आत्याच्याच वयाची, तिची जुनी जोडीदारीण. आत्याला ती आमच्या ख्रिस्ती लोकांसारखं "सलाम, शांते" म्हणायची, आत्या तिला "जयभीम" म्हणायची, आणि मग दिवसभर दोघी भांडायच्या. माझ्या नावावर तिनं पहिल्याच दिवशी हात मारला.

"काय वार्ताबाई, आज काय बातमी? तोंड काहून उतरून राह्यलंय?"

मी कळी सोलता सोलता तिला स्तोत्राचं सांगितलं. ओळ बाबांकडं राहिलीय, ते येऊन घरी नेतील तेव्हाच पुरी होईल, असं. कडूबाईनं हातातलं काम थांबवलं नाही, पण भुवया वर गेल्या.

"म्हंजे निघताना देवाचं समदं सांगतच न्हाईत?"

"सांगतात. एकच ओळ मागं ठेवतात."

"आन तवर? तवर तुमचा देव काय करतो? शहागडला उतरून जातो का, कंडक्टर बदलल्यावानी?"

ओळीतल्या सगळ्या बाया हसल्या. आत्या हसली नाही. "कडूबाई, नखं चालव. तोंड जरा कमी चालव."

"दोन्ही चालतंय की बराबर. बघ, माझी एक कळी सुटली का? तुझ्या तीन सुटल्या भांडता भांडता."

मला राग आला होता. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी हललं होतं, कारण ती म्हणाली तेच मला रोज वाटायचं. मला खरंच वाटायचं की देव आमच्या गावच्या उंबऱ्यावर बाबांशेजारी बसून राहिलाय, आणि इकडं या काळ्या रानात मी एकटी आहे. हे मी कुणाला सांगू शकत नव्हते. आत्याच्या घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची, मी आमेन म्हणायची, आणि मनात म्हणायची, इथून ऐकू जात असेल का.

हंगाम सरला तेव्हा ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं होतं. बाबा न्यायला येणार त्या दिवशी मी कामाला गेले नाही. पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवली आणि पायरीवर बसून राहिले. ते दुपारी आले. हंगामाआधीपेक्षा बारीक दिसले, टोपी घामानं भिजलेली, खांद्यावर बाजरीच्या पिठाची पिशवी. मी धावत जाऊन पिशवी घेतली. "थांब थांब," ते हसून म्हणाले, "अजून डोक्यावर हात ठेवायचा नाय. उद्या, आपल्या उंबऱ्यावर."

"दादा, दमलास रे," आत्या म्हणाली. "आधी जेव. मंग बोल."

तिनं ताट वाढलं. बाबांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि घास तोंडाशी नेताना तो हातातून खाली पडला. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, जणू हात दुसऱ्याच कुणाचा होता. पुन्हा उचलायला गेले आणि उजवीकडं कलंडले. तोंड वाकडं झालं. "दादा!" आत्या किंचाळली. गिरणीपाशी पोती उतरवणारे हमाल धावत आले. त्यांनी हातगाडीवरची पोती रस्त्यावरच ढकलली, बाबांना तिच्यावर निजवलं आणि "बाजू, बाजू" करत दवाखान्याच्या रस्त्याला लागले. मी मागं धावत होते. माझ्या हातात पिठाची पिशवी तशीच होती, हे मला दवाखान्याच्या फाटकाशी कळलं.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, उजवं अंग गेलंय, वाचा गेलीय, वाचा येईल न येईल, सांगता येत नाही. बाबा लोखंडी पलंगावर पडून बघत राहायचे. बोलायला जायचे आणि "तत्, तत्" एवढंच यायचं. मला हाक मारायची असली तरी तत्, पाणी हवं असलं तरी तत्. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि कडेनं पाणी यायचं. मी आणि आत्या आळीपाळीनं बसायचो. मी दिवसा. पाय सुजले होते, डोळ्यांची आग व्हायची, पण पापणी मिटली की मला वाटायचं, याच वेळी काहीतरी होईल.

त्या दिवसांत माझ्या मनात काय चाललं होतं, ते आता या वयात सांगायला हरकत नाही. बाबा बरे व्हावेत हे तर होतंच. पण त्याच्याहून मोठी भीती ही होती, की ओळ त्यांच्याकडं आहे आणि तिचं दार आता बंद झालंय. आईसारखंच. एकदा मी आत्याला म्हटलं, "आत्या, तू म्हण ना ती माझ्यासाठी."

"इथं? दवाखान्यात?" आत्या दचकली. "अगं, उंबऱ्यावर म्हणायची असती ती. आन ज्यानं धाडलं त्यानंच म्हणायची. मी कशी म्हणू?" तिनं मुद्दाम नाही म्हटलं नव्हतं. तिलाही दुसरं माहीत नव्हतं.

एका दुपारी भेटीच्या वेळेला कडूबाई आली, डब्यात धपाटे घेऊन. बाबांना बघून तिनं डबा पलंगाशेजारी ठेवला. मग म्हणाली, "भाऊ तिकडून निघाले तवा यांच्या डोक्यावर कुणी हात ठेवला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं. कुणीच नाही. घरात होतंच कोण? इतकी वर्षं ज्यांनी सगळ्यांना स्तोत्राखालून धाडलं, ते स्वतः मात्र कुलूप लावून, कुणाच्या हाताशिवाय निघाले होते. मला इतकं भरून आलं की मी उठले आणि बाबांच्या कपाळावर तळवा ठेवला. कपाळ कोमट होतं, केस चिकट झालेले. मी स्तोत्र म्हणायला लागले, त्यांच्याच शब्दांत, कारण मला दुसरे शब्द येतच नव्हते. डोंगराकडं डोळे लावून काय बसायचं. तो पाय घसरू द्यायचा नाय. तुझा राखणदार डुलकी घ्यायचा नाय. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. आत्यानं पदर डोक्यावर घेतला. मी ऊन आणि चांदण्यापर्यंत आले, तुझा जीव तो राखील इथपर्यंत आले, आणि थांबले. ओठ आपोआप मिटले. बाबा अजून घरी आले कुठं होते?

बाबांनी डावा हात उचलला आणि पलंगाच्या लोखंडी पट्टीवर आपटला.

मला वाटलं, दुखतंय. "पाणी देऊ?" त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आपटला. आत्या उठून जवळ आली. "काय झालं दादा?" पुन्हा हात, ठण्ण. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते.

"काय झालं काय विचारून राह्यल्या दोघी," कडूबाई म्हणाली. "ते म्हणून राह्यलेत, पुढं म्हण. अडलीस कशाला?"

मी आत्याकडं बघितलं. आत्यानं माझ्याकडं. तिथं उंबरा नव्हता, फिनाइलचा वास होता, पलंगाखाली भांडं होतं. मी म्हटलं, "तुझं जाणं आणि तुझं येणं तोच राखील," आणि माझा आवाज तिथंच फुटला. पुढचं मी म्हटलं नाही. पुढचं बाबा म्हणाले. वाकड्या तोंडानं, जड जिभेनं, पण एक शब्दही न चुकता: "आत्ता बी आणि कायम बी."

वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. "बोलले? काय बोलले?" त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. बाबा पुन्हा तत् वर गेले. एका मोठ्या सिस्टरनी नंतर मला समजावलं की असं होतं कधीकधी, माणसाला साधं पाणी मागता येत नाही पण पाठ झालेलं येतं, ते डोक्यात दुसरीकडं असतं. असेल. मी फार शिकलेली नाही. मला इतकंच दिसलं की ज्या ओळीचं दार बंद झालं असं मी समजत होते, ती तेवढी उघडी राहिली होती. आणि बाबांनी ती मला आमच्या उंबऱ्यावर नाही दिली, जिथं आम्ही दोघं अडलो होतो तिथंच दिली.

गावी आम्ही परत राहायला गेलो नाही. बाबा पुढं काही वर्षं आत्याच्या खोलीतच होते. वाचा फारशी आली नाही. पण दर हंगामात पहाटे मी प्लॉटवर निघाले की ते भिंतीला धरून दाराशी यायचे, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवायचे आणि स्तोत्र म्हणायचे, सगळं, शेवटच्या ओळीसकट. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबलेली असायची. कडूबाई तिच्यातून ओरडायची, "पुरं झालं का भाऊ? चला मंग!"

आत्यानं पुष्कळ वर्षांनी, तिची स्वतःची मान हलायला लागल्यावर, मला या रिवाजाचं मूळ सांगितलं. बाबांच्या आईला हे स्तोत्र शिकवलं ते गावोगाव पायी फिरून बायबल सांगणाऱ्या एका बायबलबाईनं. शिकवता शिकवता दिवस कलला, त्या बाईला पुढचं गाव गाठायचं होतं, ती फार दमली होती. राहिलेली ओळ परत आल्यावर सांगते, म्हणाली आणि गेली. पुढं कधीतरी आली तेव्हा पाय धुवायच्या आधी उंबऱ्यावरच तिनं ती ओळ सांगून टाकली. तेवढ्यावरून आजीनं नियम धरला. हे सांगून आत्या हसायला लागली, हसता हसता तिला ठसका लागला, आणि मी तिची पाठ चोळत राहिले. एका दमलेल्या बाईमुळं मी अख्खा हंगाम झोपले नव्हते. माझा तिच्यावर राग नाही. दमल्यावर ओळी राहतातच. माझी काळजी काही गेलेली नाही, नातू आजही उशिरा आला तर मी नवव्या मजल्यावरून खाली बघत उभी राहते. पण तो निघतो तेव्हा मी त्याला लिफ्टपाशी थांबवते आणि सगळं म्हणते, काही मागं ठेवत नाही.

त्या दुपारचं थोडं राहिलं. बाबांनी ओळ म्हटल्यावर त्यांचे डोळे मिटले आणि श्वास संथ लागला. भेटीची वेळ संपायला आली होती, खिडकीतून ऊन पलंगाच्या पायांपर्यंत उतरलं होतं. कडूबाईनं माझ्या हातात धपाटा दिला, "खा, हंगामभर खाल्लं न्हाईस." मी भिंतीला टेकून खाली बसले, एक घास घेतला. बाबांकडं बघायला हवं, असं मनात आलं. मग आलं, कुणीतरी बघतंय. पुढचं मला आठवत नाही, ते आत्यानं सांगितलेलं आहे. मी तशीच, हातात अर्धा धपाटा धरून, त्या गोंगाटात गाढ झोपले. कुणीतरी येऊन पोरीला उठवा म्हणालं. कडूबाईनं त्याला हातानंच मागं सारलं आणि रात्रीच्या जागरणासाठी आणलेली लाल शाल आत्याच्या हातात दिली.

"निजू दे," ती म्हणाली. "झाक गं तिला, शांते. उद्या उमलायची हाय."